करंगळीचं टोक

तो फोटो मी काढलेला होता, आणि त्याच्यासमोर उदबत्त्या जळत होत्या. गुरुवारची संध्याकाळ, सात वाजून गेलेले. रॅफल्स प्लेसहून एमआरटीच्या मेट्रोनं तोआ पायोहला उतरून मी रोजच्यासारखा बिल्डिंगींच्या खालून घरी निघालो होतो. इथल्या सरकारी बिल्डिंगींच्या तळाला घरं नसतात, नुसते खांब आणि मोकळी फरशी. तिला व्हॉइड डेक म्हणतात. वरच्या घरांतलं कुणी वारलं की तिथेच मांडव घालून तीन-पाच दिवस माणसं बसतात. असे मांडव मी अठरा वर्षांत शेकड्यांनी ओलांडलेत. मान खाली आणि पावलं जरा भरभर, एवढा शिष्टाचार मला कुणी न शिकवता जमलाय. त्या दिवशी मान खाली घालायला अर्धा क्षण उशीर झाला, एवढंच. पांढऱ्या फुलांच्या मधोमध, जवळजवळ खिडकीएवढ्या चौकटीत, माझा कॉफी शॉपमधला म्हातारा तोंड उघडून हसत होता. मागची भिंत पुसून निळी केली होती आणि बनियनवर कुणीतरी कॉम्प्युटरवरच कोट चढवला होता. पण कडेला, चौकटीला चिकटून, त्याच्या करंगळीचं टोक राहिलं होतं. ते बघितलं आणि माझे पाय थांबले. बोट त्याचं होतं, पण ते तिथे राहू देण्याची चूक माझी होती.

मी फोटो काढतो. दिवसा बँकेत ऑपरेशनल रिस्क बघतो, म्हणजे उद्या काय काय बिघडू शकेल याच्या याद्या करतो, आणि रविवारी सकाळी वस्तीचे फोटो. बांबूच्या काठ्यांवर वाळणारे कपडे, ट्रॉली ओढत बाजारातून येणाऱ्या बायका, पिंजऱ्यातल्या पक्ष्यांची शिटी ऐकत बसलेले पेन्शनर, शाळेच्या गणवेशातच नूडल्स ओरपणाऱ्या मुली. तोआ पायोह आणि क्वीन्सटाउन, या दोन वस्त्यांचे मिळून चाळीस हजार फोटो माझ्याकडे आहेत आणि त्यातल्या एकाही माणसाचं नाव मला माहीत नाही. ही तक्रार नाही. हे माझं कौशल्य आहे, निदान त्या संध्याकाळपर्यंत होतं. कॅमेरा मांडीवर ठेवायचा, त्याचा पडदा वर उचकटून खाली बघत बसायचं, म्हणजे समोरच्याला वाटतं हा बापडा मोबाइलमध्ये गुंतलाय. म्हातारा दर रविवारी आठला यायचा. मनगटाला रबरबँडनं बांधलेली किल्ली, घडी घातलेला पेपर, दोन अर्धकच्ची अंडी आणि काळी कॉफी. ती कॉफी तो बशीत ओतून, फुंकर मारून प्यायचा. बशीसाठीच मी त्याच्यासमोर बसायला लागलो. आमचे बाबा चहा असाच प्यायचे, आणि आई पाहुण्यांसमोर त्यांना डोळ्यांनी दटावायची.

सहा वर्षं मी त्या बशीसमोर बसलो. आणि दोन वर्षांपूर्वी एका रविवारी त्यानं एकदम मान वर केली, थेट माझ्याकडे पाहिलं, हात उचलला आणि काहीतरी बोलला. माझं बोट त्याच क्षणी दाबलं गेलं होतं. मग मी काय केलं, तर उठलो, पिशवी उचलली आणि चालू पडलो. मागे वळूनही बघितलं नाही. घरी येऊन फोटो मोठा केला तर पंजा माझ्याकडे, बोटं ताठ, तोंड उघडं. फोटो काढू नकोस, असं म्हणत होता, दुसरं काय म्हणणार? पण फोटोत चेहरा इतका सुरेख आला होता की पुसून टाकवेना. मग मी फोटोतून हात कापला. हात काढून टाकल्यावर तेच उघडं तोंड हसायला लागलं. माझ्या लेकीनं, श्रियानं, मागून बघून म्हटलं, "पापा, दॅट्स सो क्रीपी लाह. ही सेड नो, राइट?" मी म्हटलं, तुला कळत नाही त्यातलं. वस्तीचा एक फेसबुक ग्रुप आहे, त्यावर टोपणनावानं टाकला. तीन हजार लोकांना आवडला. करंगळीचं टोक राहिलंय हे मला दुसऱ्या दिवशी दिसलं, पण तोवर इतकी बदामं पडली होती की म्हटलं जाऊ दे, कोण बघतंय.

मी नेहमी असा नव्हतो, हे सांगायला हवं, कारण त्या मांडवासमोर उभा असताना मला ती तामालेवाली बाईच आधी आठवली. कॅमेरा मी घेतला शिकागोत, दोन वर्षं कंपनीनं पाठवलं होतं तेव्हा. पिल्सन म्हणून मेक्सिकन लोकांची वस्ती होती, भिंतीभिंतींवर रंगवलेली मोठाली चित्रं, पावाच्या भट्ट्यांचा वास. रविवारी चर्चच्या कोपऱ्यावर एस्तेला नावाची बाई तामाले विकायची. मक्याच्या पानात गुंडाळून वाफवलेलं, आपल्या पातोळ्यांच्या नात्यातलं प्रकरण. पहिल्या दिवशी मी कॅमेरा वर केला तर तिनं हातातला चिमटा माझ्यावर रोखला आणि एक तामाले पुढे केलं. भाषा येत नव्हती तरी कळलं, आधी खा. मी खाल्लं. मग तिनं केस सारखे केले, एप्रन झटकला, लेकीला हाक मारून शेजारी उभं केलं आणि दोघी फळ्यासारख्या ताठ उभ्या राहिल्या. पुढच्या रविवारी प्रिंट मागितली. ती दिली तेव्हा तिनं ती डब्यावर चिकटवली, आणि मग न्हावी आला, पाववाला आला, बारशाला बोलावणं आलं, लांबलचक फ्रॉक घातलेली पंधरा वर्षांची मुलगी आली. सगळे ताठ, सगळे कॅमेऱ्यात बघणारे, लग्नाच्या अल्बममध्ये असतात तसे. मला तेव्हा त्या फोटोंची लाज वाटायची. आज ते तीनशे चेहरे समोर आले तर दोनशेंची तरी नावं सांगेन.

इथे आल्यावर मी सुधारलो. सुरुवातीला नोकरीपुरता एम्प्लॉयमेंट पास होता, आणि पासवरच्या माणसाला पोटात एक भीती कायम असते, कुणीतरी तक्रार करेल, बँकेला कळेल, गाशा गुंडाळायला लागेल. कधी कुणाची नोकरी अशी गेलेली मी पाहिली नाही, तरी भीती होतीच. मग एका फोटोक्लबमधल्या शहाण्यानं सांगितलं की नजरानजर झाली की फोटो मेला. मला ते फार आवडलं. भित्र्या माणसाला तत्त्वज्ञान मिळालं की तो सुटतोच. पुढे पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाला, फ्लॅट घेतला, भीतीचं कारण संपलं, पण सवय राहिली. लिफ्टमध्ये मी मोबाइल बघतो. शेजारच्या आजी वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारतात, जेवलास का, आणि मी वर्षानुवर्षं नुसतं हसतो. अरुणा, माझी बायको, म्हणते की तू या घरातसुद्धा व्हिजिटरसारखा राहतोस.

आणि त्या चाळीस हजारांत बाबांचा एकही नाही. ते गेले दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात, पुण्यात, घरीच, भाड्यानं आणलेल्या ऑक्सिजनवर. अनघानं, माझ्या धाकट्या बहिणीनं, पॅन कार्डावरचा फोटो मोठा करून घेतला. त्याचे ठिपके दिसतात. त्यावर चंदनाचा हार आहे, आणि गावात फोटोग्राफर म्हणून मिरवणारा मी आहे. माझ्याकडे बाबांचा म्हणावा असा एकच आहे, जाण्याच्या तीन दिवस आधीच्या व्हिडिओ कॉलचा स्क्रीनशॉट. अनघानं फोन धरलेला, बाबांच्या तोंडावर मास्क, आणि हात वर, पंजा माझ्याकडे. माझा अंगठा सवयीनं चालला. मग दोन वाजताची मीटिंग होती म्हणून मी म्हटलं, "बाबा, आराम करा," आणि फोन ठेवला. जाता आलं असतं का? आलं असतं. मोजकी का होईना, विमानं होती. परत येताना एकवीस दिवस हॉटेलात कोंडून घेतलं असतं, साहेबानं तोंड वाकडं केलं असतं, एवढंच. पण बाबांनीच हात करून सांगितलं होतं, येऊ नकोस. मी हे सगळ्यांना सांगितलं. अरुणाला, ऑफिसात, इथल्या मंडळाच्या शोकसभेत. लोक म्हणाले, किती समजूतदार माणूस. चार वर्षं मी त्या हातावर जगतोय. तो हात नसता तर मी कोण ठरतो, ते मला चांगलं माहीत आहे.

"अंकल, यू नो माय फादर अ?"

पांढऱ्या टीशर्टवर काळा कापडाचा तुकडा लावलेली, चाळिशीची बाई होती. पाच मिनिटं एकाच जागी उभ्या असलेल्या भारतीय माणसाला दुसरं काय विचारणार? मी म्हणालो, "कॉफी शॉप. संडे." हे खोटं नव्हतं. निघून जायला एवढं पुरेल असं मला वाटलं होतं, पण तिनं माझा दंड धरला. मला कुणी हात धरून कुठे नेल्याला फार वर्षं झाली होती. तिनं मला गोल टेबलाशी बसवलं, क्रिसँथेममच्या, म्हणजे शेवंतीच्या, चहाचा खोका फोडून दिला, शेंगदाण्यांची बशी पुढे सरकवली आणि समोर बसून नीट पाहिलं. पुढचं सगळं ती इथल्या इंग्रजीत बोलली, पण मला ते मराठीतच आठवतं, बहुधा घरचंच कुणीतरी बोलल्यासारखं वाटलं म्हणून.

"कॅमेरावाले तुम्हीच ना?"

हातातला शेंगदाणा मी बशीत परत ठेवला. आता आलं सगळं अंगावर, असं वाटलं. तक्रार, पोलीस, श्रियाचं सो क्रीपी, सगळं. मी मान हलवली.

"मा!" तिनं मागे वळून हाक मारली. "पा सांगायचे ते मित्र आलेत. ते भारतीय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मी सिउ लिंग. पा रोज सांगायचे तुमच्याबद्दल. रोज नाही, रविवारी. एक माणूस आहे म्हणायचे, समोरच्या टेबलावर बसतो, कुणाशी बोलत नाही, पण न चुकता येतो. त्यांचे जुने कॉफीवाले सोबती एकेक करून गेले ना. मग तुम्हीच."

मी म्हणालो, "आम्ही कधी बोललो नाही." हेसुद्धा खोटं नव्हतं.

"माहितीये हो! त्यांनी एकदा बोलावलं तर तुम्ही पळालात." ती हसली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. "घरी येऊन केवढे हसत होते. म्हणाले, मी त्याला म्हटलं, ये, बस, कॉफी पी, तर तो असा पळाला जसा काही मी पोलीस." आणि तिनं हात उचलला. पंजा माझ्याकडे, बोटं ताठ. अगदी तोच हात, मी कापून टाकलेला. मग बोटं खाली मिटली, परत उघडली, परत मिटली. ये, ये, ये. आपल्याकडेही असंच बोलावतात. बाबा मला खेळातून जेवायला गॅलरीतून असंच बोलवायचे. मला ते कळायला काहीच हरकत नव्हती, जर मी आणखी एक सेकंद तिथे थांबलो असतो.

"तुम्ही मग तीन महिने आलाच नाहीत," सिउ लिंग म्हणाली. "नंतर आलात ते लांब, खांबामागे बसायला लागलात. पा म्हणायचे, लाजतो बिचारा. पण समोरच्या खुर्चीवर पेपर ठेवायचे. कुणी बसू नये म्हणून."

तो पेपर माझ्याकडे आहे. म्हणजे खुर्चीवरच्या पेपरचे फोटो आहेत, सहा-सात, खांबामागून काढलेले. मला त्या लाल प्लास्टिकवर घडी घातलेला पेपर दिसायला बरा वाटला होता. कुणासाठी ठेवलाय, हा प्रश्न पडला नाही.

तिची आई आली, ठेंगणी, पाठीत वाकलेली. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि चिनीत काहीतरी म्हणाली. सिउ लिंगनं सांगितलं, "मा विचारतेय, पूर्ण फोटो आहे का? हा आम्ही फेसबुकवरून घेतला. त्यांचे फोटोच नाहीत, नुसता ओळखपत्रावरचा. फ्रेमवाला म्हणाला, इथे बोट दिसतंय, पुसून टाकू? मी म्हटलं, नको, राहू दे, ते कुणालातरी बोलावतायत. मा म्हणते, तिला तो सगळा हात बघायचाय."

देतो म्हणालो. उद्याच आणून देतो. उदबत्ती लावली, वाकलो. समोर ते उघडं तोंड होतं, आणि मला पहिल्यांदा दिसलं की ते खरंच हसतंय, मी कापलं म्हणून नाही. निघताना तिनं ताटलीतून एक गोड गोळी आणि लाल दोऱ्याचा तुकडा दिला. मी काही विचार न करता दोरा मनगटाला गुंडाळला, उजव्या, पूजेनंतर भटजींसमोर हात पुढे करतो तसा. दातानं गाठ मारायला लागलो तेव्हा ती घाईघाईनं म्हणाली, "नाही नाही अंकल, बांधून नाही ठेवायचा! घरी पोचायच्या आधी टाकून द्यायचा. इथलं इथेच राहायला हवं." मी हो म्हणालो. पण गाठ बसली होती.

घर तिथून चार मिनिटांवर आहे. मी लिफ्टनं वर आलो, लांबलचक कॉरिडॉर चालून दारापर्यंत आलो आणि दाराशी थांबलो. आत कुकरची शिट्टी झाली, श्रिया इंग्रजीत कुणालातरी सबमिशनचं सांगत होती. गाठ नखानं सुटेना. घट्ट मारायची सवय आपली. दोरा हातात असताना आत जायचं नाही, आणि दोरा सुटत नाही, म्हणून मी तिथेच कठड्याला टेकून उभा राहिलो. समोरच्या बिल्डिंगच्या शंभर खिडक्या पेटल्या होत्या. मी त्यांचेही फोटो काढलेत. मला गाठीची खरंच काळजी नव्हती. मी फोन काढला आणि तो स्क्रीनशॉट उघडला. मास्क, कपाळ, पंजा. बोटं ताठ. मी तो हजारदा पाहिला होता आणि हजारदा त्यानं मला सांगितलं होतं, येऊ नकोस. आता मी बघत राहिलो आणि तो काहीच सांगेना. फोटोतला हात तो, वरही जात नव्हता आणि खालीही येत नव्हता. सांगू शकेल असं जगात एकच माणूस होतं. चार वर्षांत मी तिला विचारलं नव्हतं. का विचारलं नाही, हेही मला त्या कठड्यापाशी उभं असताना कळलं, आणि कळल्यावर मी अनघाला फोन लावला.

पुण्यात संध्याकाळचे साडेपाच झाले असतील. अनघानं लगेच उचलला.

"बोल दादा. आज गुरुवारी कसा काय?"

"अनघा, तेव्हा तू फोन धरला होतास ना, बाबा आजारी असताना. त्यांनी हात वर केला होता."

"हं."

"काय म्हणत होते?"

तिकडे नळ चालू होता, तो बंद झाला. "आत्ता काय काढलंस हे?"

"सांग ना."

"बोलत कुठे होते रे, मास्क होता. आवाजच नव्हता. नुसता हात हलवत होते."

"हलवत होते?"

"मग! तीनचारदा. तू फोन ठेवलास तरी हलवतच होते. मी म्हटलं, बाबा, गेला तो, मीटिंग आहे त्याची. मग मी हात धरून खाली ठेवला."

"कसा हलवत होते?"

"कसा म्हणजे काय? असा."

तिनं करून दाखवलं असणार. फोन कानाला होता. मला बांगड्यांचा आवाज आला, तीनदा.

"दिसत नाही मला," मी म्हणालो.

"थांब, व्हिडिओ करते."

तिनं कट करून व्हिडिओ कॉल लावला, तेव्हा मी फोन कानापासून काढला. पडद्यावर तिचं नाव आणि खाली दोन बटणं, हिरवं आणि लाल. दाराच्या आतून अरुणानं विचारलं, "कोण आहे बाहेर? तू आहेस का?" लाल दाबलं असतं तर अनघा पुन्हा कधी बोलली नसती या विषयावर, तशी ती समजूतदार आहे. समजूतदारपणा आमच्या घरात आहेच. मला वाटतं मी बराच वेळ उभा होतो, पण फोन वाजायचा थांबला नव्हता, म्हणजे फार नसणार. हिरव्यावर अंगठा ठेवला.

अनघा दिसली, ओट्यापाशी, हात ओले. मागच्या भिंतीवर, खोलीच्या दारातून, पॅन कार्डातले बाबा आणि चंदनाचा हार दिसत होता. तिनं हात वर केला, पंजा माझ्याकडे. मग बोटं खाली मिटली. परत उघडली. परत मिटली.

"असा," ती म्हणाली. हात तसाच हलत होता, आणि ती माझ्याकडे बघत होती, खरंच काही न कळून. "पण दादा, हे मला का विचारतोयस? त्यांच्या समोर तर तूच होतास."